देश ठरला, पण मुलूख कोणता?

मुलुंड, घाटकोपर, बोरिवली किंवा अंधेरीत घर घ्यायचं ठरलं की कुटुंब वर्षभर शोधाशोध करतं. पूर्व की पश्चिम, स्टेशन चालत किती लांब, फास्ट लोकल थांबते का, पाणी किती वेळ येतं, सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार आहे का, मुलांना शाळा कुठली मिळेल, हे सगळं तोलून मगच टोकन दिलं जातं. मुलुंडचा चेक नाका ओलांडला की ठाणं लागतं आणि महापालिका बदलते. २०१७ पर्यंत त्या नाक्यावर जकातही द्यावी लागे. नकाशावरच्या एका रेषेने रोजच्या जगण्यात केवढा फरक पडतो, हे उपनगरातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पण हेच कुटुंब कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा जर्मनीला कायमचं जायला निघतं तेव्हा हे शहाणपण घरीच राहतं. देश कोणता यावर दोन-तीन वर्षं खल होतो, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण वाढवण्यासाठी पुन्हा पुन्हा परीक्षा दिली जाते, अनुभवाची प्रमाणपत्रं गोळा होतात. आणि त्या देशातला प्रांत? तो एका वाक्यात ठरतो: मावसभाऊ तिथे आहे, आधी त्याच्याकडेच उतरू. परक्या देशात आपलं काय होणार हे देशाइतकंच त्यातल्या मुलखावरही ठरतं. म्हणून तो मुलूख निघण्याआधी निवडायला हवा, आणि तिथे आपली माणसं किती आहेत एवढ्यावरच तो निवडता कामा नये, असं मला वाटतं. त्यासाठी जे पुरावे आहेत ते इथे मांडतो.

मराठी बोलणाऱ्या एका समाजाने हा प्रश्न सामुदायिकरीत्या भोगलेला आहे. अलिबाग, पेण आणि आसपासच्या कोकणपट्टीतले बेने इस्रायल ज्यू अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मुंबईत आणि ठाण्यात स्थिरावले. ठाण्याचं त्यांचं सिनेगॉग १८७९ चं आहे. सैन्यात, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, गिरण्यांत, सरकारी कचेऱ्यांत, शाळांत आणि इस्पितळांत त्यांनी नाव कमावलं. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर पुढच्या दोन दशकांत हा समाज मोठ्या संख्येने तिकडे गेला. देश त्यांनी स्वतः निवडला होता, श्रद्धेने निवडला होता. त्या देशातली जागा मात्र त्यांच्यासाठी दुसऱ्यांनी निवडली. नव्या राष्ट्राला नेगेव्हचं वाळवंट वसवायचं होतं, सीमा माणसांनी भरायच्या होत्या. त्यामुळे नव्याने आलेल्यांना मोठ्या शहरांऐवजी विकास-वसाहतींमध्ये पाठवण्याचं धोरण होतं. बेरशेबा, १९५१ मध्ये उभं राहिलेलं येरुहाम, १९५५ मध्ये उभं राहिलेलं दिमोना, पुढे अश्दोद, आणि मध्य भागातली लोद व रामला ही जुनी गावं. अशा ठिकाणी मराठी कुटुंबं जाऊन पडली. कचेरीत टेबलावर काम केलेल्या माणसाच्या हाती फावडं आलं. बेरशेबातल्या काही कुटुंबांनी १९५१ च्या सुमारास आम्हाला परत पाठवा म्हणून धरणं धरलं, आणि १९५२ मध्ये शंभराहून अधिक माणसं खरोखरच मुंबईला परतली. त्यांच्या तक्रारीत भेदभावाची वेदना होती आणि ती खरी होती. पण त्या परतलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी काही काळातच पुन्हा इस्रायलला जाऊ द्या, असं म्हटलं. देश त्यांना हवाच होता. त्यांच्या वाट्याला जे आलं त्यात देशाइतकाच त्या विशिष्ट जागेचा आणि तिथे मिळालेल्या कामाचाही हात होता, एवढं या फेऱ्यातून नक्की दिसतं.

लोद आणि दिमोना या दोन गावांची तुलना करून पाहावी. लोद तेल अवीवपासून जवळ. देशाचा मुख्य विमानतळ तिथे, आणि त्याला लागून विमानांची दुरुस्ती व बांधणी करणारा उद्योग. मुंबईत यंत्रावर हात बसलेल्या माणसाला तिथे तेच कसब विकता येत होतं. दिमोना वाळवंटात, तिथे फॉस्फेट, मृत समुद्रावरचे कारखाने आणि पुढे आलेली कापड गिरणी एवढ्यावर गाव अवलंबून. माणसं तीच, भाषा तीच, त्यांना मिळालेले कायदेशीर हक्कही तेच. वेगळी होती ती फक्त भोवतालची बाजारपेठ. इथे कुणी म्हणेल, त्यांना निवडच नव्हती, मग आजच्या स्वेच्छेने जाणाऱ्यांना त्यातून काय घ्यायचं? माझ्या मते निवड नव्हती म्हणूनच हे उदाहरण बोलकं आहे. माणूस जेव्हा स्वतः जागा निवडतो तेव्हा यश त्याच्या हुशारीचं की जागेचं, हे वेगळं काढता येत नाही. जागा दुसऱ्याने दिली तर ते बरंचसं वेगळं दिसू लागतं.

अर्थशास्त्रज्ञांनी नेमकं हेच हेरून निर्वासितांच्या नोंदी तपासल्या आहेत. स्टॅनफर्ड आणि झुरिचच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिका आणि स्वित्झर्लंड या देशांत निर्वासितांना कोणत्या शहरात किंवा कँटनमध्ये, म्हणजे स्विस प्रांतात, ठेवायचं हे त्यांच्याऐवजी पुनर्वसन यंत्रणा ठरवते. संशोधकांनी जुन्या नोंदींवरून हिशेब मांडला, की वय, शिक्षण, भाषा आणि मूळ देश पाहून प्रत्येकाला त्याच्यासाठी जुळणाऱ्या जागी पाठवलं असतं तर काय झालं असतं. अमेरिकेत पहिल्या तीन महिन्यांत काम मिळणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं, ते ४८ च्या घरात गेलं असतं. स्वित्झर्लंडमध्ये तिसऱ्या वर्षी ते १५ टक्के होतं, ते २६ च्या आसपास गेलं असतं. हा कागदावरचा हिशेब आहे, प्रत्यक्ष प्रयोग नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. तरी त्यातली गोम महत्त्वाची आहे. माणसं तीच ठेवली, देश तोच ठेवला, कुणाला जास्त शिकवलं नाही, जास्त पैसा ओतला नाही. केवळ कोण कुठे जाणार हे बदललं. आणि सर्वांसाठी चांगली अशी एकच जागा त्यात निघाली नाही. एकाला लाभणारा कँटन दुसऱ्याला लाभत नव्हता. ‘राहायला सर्वोत्तम शहरं’ अशा ज्या याद्या दरवर्षी छापून येतात, त्या कुटुंबाला फारशा उपयोगी पडत नाहीत, त्याचं कारण हेच.

यावर सर्वांत सहज येणारा आक्षेप असा, की एवढा विचार कशाला, नाही जमलं तर दुसरीकडे जाऊ. कायद्याने ते बहुतेक ठिकाणी शक्यही आहे. कॅनडाच्या हक्कसनदेचं ६ वं कलम कायमच्या रहिवाशाला कुठल्याही प्रांतात राहण्याची आणि काम करण्याची मुभा देतं. पण पहिल्या जागेचा ठसा पुसायला वेळ लागतो. स्वीडनमध्ये ओस्लुंड आणि रूथ या अभ्यासकांनी दाखवलं, की बेकारी जास्त असलेल्या भागात ज्या निर्वासितांना सुरुवात करावी लागली, त्यांची कमाई दहा-दहा वर्षं मागे राहिली. कारण समजण्यासारखं आहे. पहिलं काम शिक्षणाशी न जुळणारं मिळालं की अनुभवाच्या रकान्यात तेच चढतं. दोन वर्षांनी खरं काम मागायला जावं तर मुलाखत घेणारा विचारतो, मधली दोन वर्षं गोदामात का होता? तोवर मुलं शाळेत रुळलेली असतात, भाड्याच्या घराचा करार असतो, गाडीचे हप्ते असतात. कायदा अडवत नाही, पण संसार अडवतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मनापासून घ्यायला हवा. परक्या देशात पहिला हिवाळा काढायचा तर आपली माणसं हवीत. विमानतळावर घ्यायला येणारं कुणीतरी, पहिले पंधरा दिवस छप्पर, बँकेचं खातं कसं काढायचं हे सांगणारं कुणी, गणपतीला एकत्र येणारी चार घरं, आईवडील आले तर त्यांच्याशी मराठीत बोलणारी माणसं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं, शिकागोचं १९६९ चं, आणि उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना एकत्र बांधणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. ही मंडळं गरजेतून उभी राहिली, नुसत्या हौसेतून नव्हे. दिमोनातही वाळवंटाच्या मध्यावर मराठी टिकली, मलिदाची प्रथा टिकली, क्रिकेट रुजलं. एकत्र राहिल्याचंच ते फळ होतं. संशोधनही या बाजूने काही सांगतं. स्वीडनच्याच नोंदींवरून असं दिसलं, की कमी शिकलेल्या निर्वासितांना आपल्या माणसांच्या वस्तीत राहिल्याने कमाईत फायदा झाला. पण त्या फायद्याला एक अट होती: वस्तीतली आपली माणसं स्वतः चांगली कमावती असतील, तर तो जास्त.

या अटीचा दुसरा पैलू अर्थशास्त्रज्ञ लोरी बीमन यांच्या २०१२ च्या अभ्यासात दिसतो. अमेरिकेतल्या शहरांमध्ये वसवलेल्या निर्वासितांचा त्यांनी अभ्यास केला. आपल्या देशातली माणसं त्या शहरात बरीच आधी येऊन स्थिरावलेली असतील तर नवागताला काम लवकर मिळत होतं. त्याच वर्षी किंवा आदल्या वर्षी आलेल्यांची गर्दी असेल तर उलट त्याची शक्यता घटत होती, कारण सगळे एकाच ओळखीच्या दारावर एकाच वेळी उभे. मुंबईच्या उपनगरांतून जाणाऱ्यांसाठी हा निष्कर्ष फार नेमका आहे. कॅनडातल्या ब्रॅम्प्टनसारख्या शहरात २०२१ च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक लोक दक्षिण आशियाई आहेत; ऐकून धीर येतो. पण विचारायचं ते हे, की त्यांतले आपल्या पेशातले किती, आणि ते येऊन किती वर्षं झाली? पंधरा वर्षांपूर्वी आलेला एकच इंजिनिअर, गेल्या वर्षी आलेल्या पन्नास ओळखीच्या मुलांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. ती पन्नास मुलं प्रेमळ असतील, पण तीही कामच शोधत असतात.

आणि ओळखीचं जाळं जिथे नेतं तिथेच धरूनही ठेवतं. याचा पुरावा शोधायला परदेशी जायची गरज नाही. कोकणातला माणूस गिरणगावात आला तो गावच्या खोलीत उतरला, गावच्याच मुकादमाच्या हाताने गिरणीत लागला, खानावळीत गावचीच चव मिळाली. त्या व्यवस्थेने लाखोंना उभं केलं. पण जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला आणि गिरण्या मोडकळीला आल्या, तेव्हा भाऊ, मेहुणा, शेजारी, मुकादम सगळे एकाच वेळी बेकार झाले. दुसऱ्या धंद्यात ओळख सांगणारं कुणी उरलं नाही. अर्थशास्त्रज्ञ कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादरच्या शाळांमधल्या १९८२ ते २००१ या काळातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. कामगारी पेशांत जातीचं घट्ट जाळं असलेल्या घरांतले मुलगे मराठी माध्यमातून त्याच पेशांकडे जात राहिले. त्याच घरांतल्या मुली, ज्यांना या जाळ्यात कधी जागाच नव्हती, इंग्रजी माध्यमाकडे आणि नव्या अर्थव्यवस्थेतल्या नोकऱ्यांकडे वळल्या. इथे मराठी माध्यम कमी प्रतीचं असा माझा दावा मुळीच नाही. मुद्दा हा, की आधार देणारी ओळख पुढचा रस्ताही ठरवून टाकते, आणि तो रस्ता बाजाराच्या जुन्या गरजेकडे जाणारा असू शकतो. म्हणून नातेवाइकाकडे पहिले दोन-तीन आठवडे जरूर उतरावं. पण कायमचं बिऱ्हाड कुठे करायचं, हा निर्णय त्याच्या सोफ्यावर बसून घेऊ नये.

आता कायद्याची बाजू. ती रूक्ष आहे, पण निर्णय तिच्यावरच फिरतो. कॅनडाने जानेवारी २०१५ पासून एक्स्प्रेस एन्ट्री ही गुणांची पद्धत आणली. तिची मोजपट्टी १२०० गुणांची आहे आणि त्यांतले ६०० एखाद्या प्रांताने तुमचं नाव सुचवलं तर एकदम मिळतात. क्वेबेक तर १९९१ च्या करारानुसार आपले स्थलांतरित बहुतांशी स्वतःच निवडतं, आणि तिथे फ्रेंचशिवाय पाऊल पुढे पडत नाही. ऑस्ट्रेलियात राज्याने नाव सुचवलं तर १९० क्रमांकाच्या व्हिसासाठी ५ गुण वाढतात; मोठ्या शहरांबाहेरच्या प्रदेशात राहायची तयारी असेल तर ४९१ क्रमांकाच्या व्हिसासाठी १५. नोव्हेंबर २०१९ मध्ये तो सुरू झाला, तेव्हा सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून बाकी सारा देश त्यासाठी ‘प्रादेशिक’ ठरवला गेला. म्हणजे पर्थ आणि ॲडलेडसारखी मोठी, सोयींनी भरलेली शहरंही त्यात आली. तिथे तीन वर्षं राहून, काम करून कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. प्रदेश निवडणं ही या देशांत नंतरची गोष्ट उरलेलीच नाही. प्रवेशाच्या अर्जातच ती लिहावी लागते. प्रांतांचे कोटेही स्थिर नसतात: ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅनडाने २०२५ साठीच्या प्रांतिक निवडीच्या जागा निम्म्यावर आणल्या. पाच वर्षांपूर्वी गेलेल्या भावाचा अनुभव म्हणूनच आजचा नकाशा होऊ शकत नाही.

केवळ गुणांसाठी नको त्या प्रांताचं नाव लिहायचं आणि कागद हातात पडताच टोरांटो गाठायचं, असा सल्ला काही एजंट देतात. तो मला गैर वाटतो. त्या प्रांतात राहण्याचा इरादा आहे असं आपण लिहून दिलेलं असतं, आणि खोटा इरादा पुढे महागात पडू शकतो. शिवाय परवान्याचा प्रश्न आहे. कॅनडात इंजिनिअर, परिचारिका, फार्मासिस्ट, शिक्षक, फिजिओथेरपिस्ट यांचे परवाने प्रांताच्या संस्था देतात. प्रत्येकीचे नियम, फी आणि लागणारा वेळ वेगळा. ऑस्ट्रेलियात परिचारिका आणि डॉक्टर यांची नोंदणी २०१० पासून देशभर एकच आहे, शिक्षकांची मात्र राज्यवार. जर्मनीत परदेशी नर्सिंग पदवीला मान्यता राज्याचं कार्यालय देतं. कांदिवलीची एखादी फार्मासिस्ट आणि पवईत नोकरी करणारा तिचा सॉफ्टवेअरवाला नवरा कॅनडात गेले, तरी त्याच्यासाठी देश हे एक मैदान असतं आणि तिच्यासाठी दहा वेगवेगळी मैदानं.

या दोघांचा विचार एकत्र करणं हा सर्वांत अवघड भाग, आणि आपल्याकडे तोच टाळला जातो. मुख्य अर्जदार बहुधा नवरा, त्याच्या नोकरीवर जागा ठरते, ‘तुझं नंतर बघू’ म्हणून बायकोचं काम मागे राहतं. छोट्या शहरात घरभाडं कमी, शाळा जवळ, रहदारी नाही. पण तिथे एका पेशात दोन-तीनच मालक असतात, आणि दोघांनाही जुळणारं काम सापडणं कठीण. दोघं शिकलेली असलेली जोडपी मोठ्या शहरांकडे का सरकतात याच्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात हेच कारण पुढे आलं. म्हणून मी छोट्या प्रदेशांचा सरसकट पुरस्कार करत नाही. मॅनिटोबातलं विनिपेग एखाद्या कुटुंबाला टोरांटोपेक्षा कितीतरी चांगलं, दुसऱ्याला मुळीच नाही. दोन्ही कमावत्यांच्या पेशांची तिथली मागणी आणि दोघांचे परवाने आधी कागदावर मांडले, तर निम्मे पर्याय आपोआप गळून पडतात.

नोकरी देणारी कंपनीच जागा ठरवते, असंही म्हटलं जातं. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसावर जाणाऱ्यांबाबत ते बरंचसं खरं आहे. तिथे न्यू जर्सी की कॅलिफोर्निया हा प्रश्न आपल्या हातात फार थोडा असतो. पण तिथेही अर्ज कुठे करायचे हे आपणच ठरवतो, आणि फरक लहान नाही. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की सर्वांत कमी उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्यातल्या घरात जन्मलेलं मूल सर्वांत वरच्या पाचव्या हिश्श्यात पोहोचण्याची शक्यता सॅन होजेमध्ये १२.९ टक्के, तर शार्लटमध्ये ४.४ टक्के होती. देश एक, कायदा एक, चलन एक, आणि मुलांच्या भवितव्यात तिपटीचा फरक.

मुलांच्या बाबतीत सर्वांत ठळक उदाहरण जर्मनीचं आहे, आणि ते आता आपल्या दाराशी आलं आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. स्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळासाठी करार केला. १० हजार जणांना पाठवण्याचं उद्दिष्ट जाहीर झालं. जर्मनीत शाळा हा राज्यांचा विषय आहे. बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीला संपते आणि तिथेच मुलांच्या वाटा फुटतात: एक वाट जिम्नाझियममधून विद्यापीठाकडे, दुसऱ्या व्यवसाय-शिक्षणाकडे. बव्हेरियात तर जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची चौथीतली सरासरी जिम्नाझियमचं दार उघडते किंवा बंद ठेवते. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत चालते. नऊ वर्षांचं, जर्मनचा शब्दही न येणारं मूल बव्हेरियातल्या म्युनिकला पोहोचलं तर त्याच्या हाती वर्षभरसुद्धा नसतं. बर्लिनला त्याला भाषा शिकायला दोन वर्षं जास्त मिळतात. पुढे वाट बदलता येते, पण चढणीने. पाच वर्षांच्या मुलासाठी हा फरक उरत नाही. ते बालवाडीतच भाषा उचलतं, आणि मग स्टुटगार्टची चांगली नोकरी सोडण्याचं कारण नसतं. नवऱ्याला एकट्याला आधी पाठवून मूल काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात वर्षभर जर्मन शिकलं तरी हिशेब बदलतो. अशा कुटुंबाने स्टुटगार्टच्या नोकरीच्या करारावर सही करण्यापूर्वी पगाराच्या आकड्याशेजारी मुलाचं वय आणि इयत्ता लिहून ठेवावी.